गॅस आला का बघून या

"मालन कामथेंबरोबर कोण आहे?"

सिस्टरनं दार अर्धं उघडून विचारलं तेव्हा बाकावर मी एकटाच होतो. माझी मुलगी सारिका खाली चहा आणायला गेली होती.

"मी आहे. नवरा."

"आत या. डॉक्टर बोलावतायत."

डॉक्टर वयानं आमच्या जावयाएवढे. मला म्हणाले, "काका, आधी बसा." ऑपरेशनच्या आधी आणि नंतर ते माझ्याशी कितीदा बोलले, पण बसा असं कधी म्हणाले नव्हते. त्यावरूनच मला कळलं. पुढं ते बोलले ते मी ऐकलं, पण नसते बोलले तरी चाललं असतं.

बाहेर आलो तेव्हा सारिका दोन कागदी कप सांभाळत जिना चढत होती. तिनं वर बघितलं आणि माझं तोंड बघून पायरीवरच थांबली. तिला सांगायला म्हणून मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते भलतंच.

"मोशीचा गॅस बघायचा राहिला गं."

"काय?"

"तुझी आई म्हणाली होती, गॅस आला का बघून या. मी गेलोच नाही."

सारिकानं कप तिथंच पायरीवर ठेवले. ठेवताना एक थेंब सांडला नाही. मग वर येऊन तिनं मला धरलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली.

मी भोसरीत एका कारखान्यात फिटर होतो. संसार सगळा तिथंच भाड्याच्या दोन खोल्यांत झाला. रिटायर झाल्यावर स्वतःचं घर घ्यायचं ठरलं. मला भोसरीतच एक तळमजल्याचं घर पसंत होतं. दवाखाना समोर, मंडई कोपऱ्यावर, म्हातारपणी जिना नको. मालननं मोडता घातला. तिला मोशीच्या नव्या बिल्डिंगमधलं चौथ्या मजल्यावरचं घर पाहिजे होतं. त्या वेळी मोशीत निम्मी शेतं आणि निम्म्या अर्धवट बिल्डिंगा होत्या. साधी कोथिंबीर आणायची तरी अर्धा तास चालायला लागायचं.

"काय आहे तिथं एवढं?" मी विचारलं.

"पाइपचा गॅस आहे."

"अगं, पाइपच्या गॅसवर काय पोळ्या जास्त फुगतात?"

"सिलिंडर नको आता."

"सिलिंडर मी उचलतो, मी बदलतो. तुझं काय जातं?"

"नको म्हणते ना."

सबंध संसारात या बाईनं माझ्याकडे कशाचा म्हणून हट्ट केला नव्हता. साडी घ्यायला गेलो तरी दुकानदार पहिली उलगडेल तीच घ्यायची. म्हणून मीही फार ताणलं नाही. चेष्टा मात्र केली. आल्यागेल्याला सांगायचो, "आमच्या राणीसाहेबांना नळाला पाणी नसलं तरी चालेल, गॅस पाहिजे." ती हसायची. का पाहिजे ते सांगायची नाही.

घराचा ताबा मिळाला आणि सामान हलवायच्या आतच ती न्हाणीघरात पडली. झटके आले. दवाखान्यात फोटो काढले तर कपाळाच्या मागं गाठ निघाली, लिंबाएवढी. डॉक्टर म्हणाले, गाठ जुनी आहे, सावकाश वाढलेली आहे. त्यांनी मला पुष्कळ विचारलं. डोकं दुखायचं का? तोल जायचा का? दिसायला कमी आलं होतं का? विसरायच्या का? आणखीही काय काय विचारलं. मी सगळ्याला नाही म्हणालो, कारण ती धडधाकट होती. आदल्या आठवड्यात तिनं एकटीनं पंधरा किलो गहू निवडले होते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती शुद्धीवर होती. मी पाय दाबत बसलो होतो.

"अहो, मोशीला जाऊन गॅस आला का तेवढं बघून या."

"आता ते महत्त्वाचं आहे का मालन?"

"इथं बसून तरी काय करताय? सारिका आहे. बघून या हो."

"तू बरी हो, दोघं जाऊन बघू."

 तिनं पाय ओढून घेतले. रागावली की ती तसंच करायची.

तेरावं झालं. पाहुणे गेले. सारिका आणि जावई नितीनराव राहिले. त्या दिवसांत जो येईल त्याला सारिका एकच सांगायची. "काही लक्षणच नव्हतं हो. कळायला काही मार्गच नव्हता. डॉक्टरसुद्धा तसंच म्हणाले." तेच वाक्य परत परत. सांगून झालं की तिचा चेहरा जरा सैल पडायचा. मला ते बरं वाटायचं. निदान पोरीला धरायला काहीतरी होतं.

मला मात्र एक वेगळंच सुरू झालं होतं. रोज सकाळी, अंथरुणात अर्धवट जाग असताना, मालनची हाक यायची. "अहो, जरा इकडे या." ती जिवंत असताना रोज यायची तशीच, स्वयंपाकघरातून. मी उठायचो, चप्पलसुद्धा न घालता आत जायचो. ओट्यासमोर उभा राहायचो. आत कुणी नसायचं. एकदा सारिकानं बघितलं.

"अप्पा, काय शोधताय?"

"काही नाही. पाणी."

तिच्या ते ध्यानात आलं असावं, कारण त्याच दिवशी तिनं विषय काढला.

"अप्पा, पनवेलला चला आमच्याकडं. इथं एकट्यानं राहायचं नाही."

नितीनराव म्हणाले, "मोशीच्या फ्लॅटला गिऱ्हाईक आहे. आमच्या ऑफिसातलाच आहे, ओळखीतला माणूस. त्याला उद्या संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय. घाई करत नाही मी, पण असं गिऱ्हाईक परत यायचं नाही."

"उद्या सकाळी मोशीला जाऊन येतो. मग सांगतो," मी म्हणालो.

"आता तिथं जाऊन काय बघायचंय?"

"गॅस आहे का ते."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. सारिका माझ्याजवळ येऊन बसली. लहानपणी मी तिला समजवायचो तसं ती हळू बोलायला लागली.

"अप्पा, गॅस असला तर काय आणि नसला तर काय? घर विकायचंच आहे ना?"

"तुझ्या आईनं त्या गॅससाठी ते घर घेतलं. तो आला नसेल तर विकून टाका. आला असेल तर मी तिथं जाऊन राहीन."

हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. बोललो तेव्हाच ठरलं.

"पण आईचा एवढा हट्ट का होता हो त्या गॅसचा?" सारिकानं विचारलं.

"ते मलाही माहीत नाही," मी म्हणालो, आणि त्या दिवशी ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. बस फाट्यावर सोडते. तिथून कच्च्या रस्त्यानं चालत गेलो. बिल्डिंगच्या भिंतीवर पिवळे पाइप खालपासून गच्चीपर्यंत चढलेले दिसत होते. वॉचमन खुर्चीत बसून बिडी वळत होता. बोलण्यावरून लातूरकडचा वाटला.

"बिल्डिंगला पाइपचा गॅस आहे का?"

"हाय की." त्यानं बिडीनंच पाइप दाखवले. "ह्यो काय."

"म्हणजे चालू झाला?"

"लाइन आलीया."

"लाइन आली, पण शेगडी पेटती का?"

"पेटायचं तेवढं राह्यलं असंल." त्यानं मला नीट बघितलं. "काही घरात पेटतोय म्हणं. काहीत न्हाई. तुमचं घर कंचं?"

"चौथा मजला."

"मग वर जाऊन बघा की मालक. मी कुठं सैपाक करतो?"

मी वर गेलो. कुलूप उघडलं. रिकाम्या घरात चुन्याचा आणि रंगाचा वास कोंडलेला होता. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर, खिडकीशेजारी पाइप भिंतीतून आत आला होता. त्याला छोटी तोटी बसवलेली आणि तोटीच्या तोंडाला लोखंडी टोपण घट्ट आवळलेलं. मी फिटर माणूस. पाइपवर बोटानं टिचकी मारून बघितली. टिचकीवरून काही कळत नाही हे मला माहीत आहे, तरी मारली. खिडकीच्या वरच्या काचेत जाळी बसवलेली होती. ती का, हे काही माझ्या लक्षात आलं नाही.

आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"अहो, जरा इकडे या."

 बाईचा आवाज, तेच शब्द. भोसरीच्या खोलीत सकाळी अर्धवट झोपेत येणारी हाक मी समजू शकत होतो. इथं मी टक्क जागा होतो, उन्हात उभा होतो. मला मागं वळून बघायचं धाडस होईना.

"अहो, कोण आहे आत? इकडे या जरा, दार उघडंच टाकलंय!"

वळलो. पुढच्या दारात एक बाई उभी होती. तिशीतली, डोक्यावरून ओढणी, हाताला पीठ.

"मी कामथे," मी म्हणालो. "हे घर आमचंच आहे."

तिचा चेहराच उजळला.

"काका तुम्ही! मी नसीम. नसीम शिकलगार, समोरच्या घरातली. मावशींनी सांगितलं असेल ना? मावशी कुठायत? खाली थांबल्या का? जिन्याला भितात होय, थांबा, मी हात धरून आणते."

ती जिन्याकडं वळलीसुद्धा. मला तिला थांबवता येईना. दोन पायऱ्या उतरून तिनं वाकून खाली बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. माझ्या डोक्यावर नुकते कुठं केस यायला लागले होते. तिनं ते बघितलं.

"या अल्ला," ती म्हणाली आणि पायरीवरच बसली. पिठाचे हात ओढणीला लागले तरी तिचं लक्ष नव्हतं. "कधी?"

मी सांगितलं. डोक्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, शुद्धीवर आलीच नाही.  मग ती डोळे पुसत उठली आणि जवळजवळ दटावूनच म्हणाली, "चला, आमच्या घरात चला. असं रिकाम्या घरात उभं राहायचं नाही."

तिचं घर आमच्यासारखंच, फक्त उलट्या बाजूचं. ती मला थेट स्वयंपाकघरात घेऊन गेली. मी दारातच घुटमळलो.

"या हो काका, मावशीपण इथंच यायच्या. त्या स्टुलावर बसायच्या."

मी त्या स्टुलावर बसलो. मालन मोशीला यायची हे मला माहीत होतं. घराचं काम कुठवर आलं ते बघायला म्हणून ती बसनं यायची, कधी येताना रस्त्यावरून मेथी घेऊन यायची. पण इथं तिचं एक बसायचं स्टूल आहे, हे मला माहीत नव्हतं.

"तुम्ही कशाला आला होता काका? सामान आणायचंय का?"

"गॅस आला का ते बघायला. तिनं सांगितलं होतं."

नसीमनं ओठ चावला. "आला ना काका. गेल्या आठवड्यात आला. आमच्याकडं चालू झाला, खालच्या दोन घरांत झाला. तुमचं घर बंद होतं म्हणून त्यांनी टोपण लावून ठेवलं. मालक हजर असले की तासाभरात चालू करून देतात. मी मावशींना फोन लावत होते सांगायला. लागतच नव्हता."

मला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं. गॅस होता. मी उठून जायला हरकत नव्हती. पण तिनं चहाचं आधण ठेवलं होतं.

तिनं लायटर हातात घेतला आणि शेगडीजवळ नेऊन थांबली.

"मावशी असल्या की मला असा लायटर ओढूच द्यायच्या नाहीत. सिलिंडर होता ना तेव्हा. आधी विचारायच्या, नसीम, वास घेतलास का? नीट घे. मी म्हणायचे, मावशी, घेतला. तर म्हणायच्या, परत घे." ती रडतारडता हसली. "मी म्हणायचे, मावशी, तुम्हाला येत नाही म्हणून माझ्या नाकाचं सालटं काढता काय?"

"काय येत नाही?" मी विचारलं.

"वास."

"कुणाला?"

ती वळली. लायटर तिच्या हातात तसाच होता.

"काका, तुम्हाला माहीत नाही?"

 तिनं लायटर खाली ठेवला.

"मला वाटलं, घरात कुणाला माहीत नाही म्हणजे मुलीला, जावयाला. नवऱ्याला तर माहीत असेलच ना? असं कसं असेल?"

"काय ते सांग."

"बुकिंग सुरू झालं, तुम्ही दोघं घर बघायला आला होता, तेव्हा मांडव घातला होता बघा खाली. तिथं गॅसवाला माणूस आला होता. तुम्ही त्या बाजूला पार्किंगचं भांडत होता." मला आठवलं. मी खरंच भांडत होतो. "त्यानं सगळ्यांना एक बाटली हुंगायला दिली. म्हणाला, असा वास आला की समजायचं गॅस गळतोय. मावशींनी हुंगली, पुढं दिली. मग उभं राहून विचारलं, ज्याला वासच येत नाही त्यानं काय करायचं? सगळे हसले. मावशीपण हसल्या. तो म्हणाला, सिलिंडरचा गॅस जड असतो, खाली जमिनीवर साचून राहतो. हा हलका आहे. गळलाच तर वर जातो, खिडकीतून निघून जातो. म्हणून वरच्या काचेला जाळी देतात. मावशी माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, हेच घर घ्यायचं."

"त्याआधी ती तुला ओळखत होती?"

"कुठलं! मीच म्हटलं, मावशी, बाटलीला केवढा घाण वास होता, तुम्ही नाकसुद्धा मुरडलं नाही. तेव्हा सांगितलं. म्हणाल्या, सात-आठ वर्षं झाली, आधी कमी कमी होत गेला, मग गेलाच. कुणाला सांगू नको."

"का? मला का नाही सांगायचं?"

नसीम अवघडली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

"सांग पोरी."

"म्हणायच्या, ह्यांना सांगितलं तर मला शेगडीपुढं उभं राहू देणार नाहीत. लेकीला सांगतील. लेक उचलून पनवेलला नेईल. मग आमचं घर संपलं. आणि म्हणायच्या..." ती थांबली. "म्हणायच्या, माझं काही अडत नाही. आमच्या ह्यांचं नाक कुत्र्यासारखं आहे. मी तेच वापरते. सकाळी शेगडी पेटवायच्या आधी हाक मारते. आले, उभे राहिले, काही बोलले नाहीत, की मी काडी ओढते."

नसीमनं आधणाखाली शेगडी पेटवली. निळी ज्योत वर आली. मी तिच्याकडं बघत राहिलो.

रोज सकाळी. अहो, जरा इकडे या. मी करवादत जायचो. वरच्या फळीवरचा चहाचा डबा काढून द्या, म्हणायची. चहाचा डबा रोज लागतो तर तो खालच्या फळीवर ठेव ना, असं मी तिला किती वेळा सांगितलं असेल. एकदा मीच खाली ठेवला, तर दुसऱ्या दिवशी परत वर. डबा देताना ती डब्याकडं बघायची नाही, माझ्या तोंडाकडं बघायची. मला वाटायचं, बायकोला अजून आपल्याकडं बघावंसं वाटतंय. मी मनातून खूश व्हायचो आणि वरून म्हणायचो, काय, उंची कमी झाली का तुझी?

दूध नासलंय का बघा हो, माझे हात ओले आहेत. ही डाळ कशी लागते बघा. एकदा ती ओट्याशेजारीच मेथी निवडत बसली होती आणि पातेल्यातली भाजी कोळसा होईपर्यंत जळाली. मी बाहेरून ओरडत आलो. ती दचकून म्हणाली, विसरले. मी म्हणालो, म्हातारी झालीस.

आणि मग मला डॉक्टरांचा एक प्रश्न आठवला. त्या सगळ्या प्रश्नांत तो होता. "काका, यांना वास येत होता का नीट?" मी तर हसलोच होतो. म्हणालो, "चांगला येत होता की. पन्नास माणसांचा स्वयंपाक नुसत्या वासावर करायची." डॉक्टर जरा विचारात पडले होते. म्हणाले होते, "असं? कपाळामागच्या गाठीत बहुतेक वेळा पहिल्यांदा वासच जातो. पुष्कळ आधी जातो. तेव्हा कळलं तर गाठ लहान असतानाच काढता येते." सारिका माझ्या शेजारीच उभी होती. मी ठामपणे नाही म्हटल्यावर डॉक्टर म्हणाले होते, "मग कळायला काही मार्गच नव्हता."

"काका, चहा."

कप माझ्या हातात होता. तिनं कधी दिला ते मला कळलं नव्हतं.

"मी म्हटलं होतं मावशींना," नसीम म्हणाली. "दोन-तीनदा म्हटलं, डॉक्टरला दाखवू, मी येते बरोबर. तर म्हणायच्या, म्हातारपणी कुणाचे कान जातात, माझं नाक गेलं. नाकासाठी कुणी दवाखान्यात जातं का? मग मी सोडून दिलं." ती माझ्यासमोर जमिनीवर बसली. मला काय विचारायचं ते तिच्या मनात बराच वेळ घोळत असावं. "काका, नाकाचा आणि त्या गाठीचा काही संबंध नसतो ना?"

तिचे डोळे माझ्यावर होते. मालनचंही असंच माझ्या तोंडाकडं लक्ष असायचं.

"नाही," मी म्हणालो. "काही संबंध नाही. डॉक्टरांना विचारलं होतं मी."

तिनं मोठा श्वास सोडला. "रात्रभर झोप आली नसती बघा मला."

चहा मी सगळा प्यायलो. चांगला होता. उठताना ती म्हणाली, "काका, घर विकू नका हां. मावशींनी ओट्याची उंचीसुद्धा स्वतः उभं राहून मापून घेतलीय."

संध्याकाळी भोसरीला पोचलो. सारिका आणि नितीनराव माझीच वाट बघत होते.

"मग? आहे गॅस?" सारिकानं विचारलं.

"आहे. मी तिकडं राहायला जाणार. नितीनराव, त्या माणसाला नाही कळवा."

नितीनराव काही बोलणार होते, पण सारिकानं त्यांना हातानं थांबवलं. ती माझ्याकडं निरखून बघत होती.

"अप्पा, आईचा हट्ट कशासाठी होता ते कळलं का तिथं?"

"दमलोय मी. नंतर सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली. "अहो, जरा इकडे या." मी उठलो, स्वयंपाकघरात गेलो, ओट्यासमोर उभा राहिलो. या वेळी मी काही शोधलं नाही. नीट श्वास घेतला. मग म्हणालो, "वास नाही. लाव." माझाच आवाज भांड्यांवर आपटून परत आला. मी सिलिंडरचा खटका वर केला आणि काडी ओढली.

महिन्याभरात मी मोशीला राहायला आलो. गॅसवाला येऊन तासाभरात टोपण काढून गेला. नसीमनं पहिल्या दिवशी भाकरी करून आणली. मीही हळूहळू स्वयंपाक शिकलो. आता आजूबाजूला शेतं राहिली नाहीत, मंडई खालीच आली.

सारिका दिवाळीला येते, उन्हाळ्यात येते. आली की माझ्या हातची भाजी खात नाही, स्वतः करते. शेगडीपुढं उभी राहून कधी मधेच म्हणते, "एवढ्याशा ज्योतीसाठी आई तुमच्याशी भांडली होय अप्पा?" आणि कुणी पाहुणा आला, आईचा विषय निघाला, की अजूनही तेच वाक्य सांगते. काही लक्षणच नव्हतं हो. कळायला काही मार्गच नव्हता. सांगून झालं की तिचा चेहरा सैल पडतो. एकदा मी सुरुवात केली होती. "सारिका, तुझी आई सकाळी मला हाक मारायची बघ..." ती कणीक मळता मळता वळली आणि म्हणाली, "हो ना, किती जीव होता तिचा तुमच्यावर." मी पुढं बोललो नाही. बोललो असतो ते खोटं ठरलं नसतं आणि ती म्हणाली तेही खोटं नव्हतं.

मला आता पंचाहत्तरी उलटली. सारिकाला हे सांगायचं अजून राहिलं आहे.